यादीत नाव कुणाचं?

पोलादपूर तालुक्यात मुंबईशी संबंध नसलेलं घर शोधायला निघालात तर चपला झिजतील, घर सापडणार नाही. माझं माहेर सावित्रीच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या डोंगराच्या कुशीत. उतारावरची नाचणी, वरी आणि खालच्या खाचरातला भात यांवर घर शिमग्यापर्यंत कसंबसं चालायचं. पुढचे महिने पोस्टमनच्या भरवशावर. वडील गिरणीत, थोरले चुलते गोदीत. सासर मात्र बिरवाडीच्या बाजूला, महाडच्या एमआयडीसीला लागून. थोडक्यात, माणसं बाहेर पडली त्या गावात मी जन्मले आणि माणसं बाहेरून आली त्या गावात नांदले. मधली सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. शाळेत बाई असलं की सरकारची सगळी मोजमापं तुमच्याच गळ्यात पडतात. जनगणना, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, मतदारयादी. त्यामुळे कुणाच्या घरात कोण राहतं, कुठून आलं आणि कोणत्या कागदावर आहे, हे मला गावच्या तलाठ्याइतकंच ठाऊक असायचं.

परक्या मुलखात आलेली माणसं तिथे कशी रुळतात, त्यांना घामाचा न्याय्य दाम मिळतो का, यावर जगभरच्या विद्यापीठांत सध्या भरपूर अभ्यास चालू आहे. मुलगी अर्थशास्त्र शिकली, तिच्यामुळे त्यातले काही निबंध घरात आले. पहिल्यांदा वाटलं, हे युरोप-अमेरिकेचं दुखणं, आपला काय संबंध? वाचत गेले तसं कळलं की यातलं बरंचसं आमच्या ओटीवरच घडलेलं आहे, एकदा आमच्या बाजूने आणि एकदा आमच्या समोर.

१९२१च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या शंभर माणसांमागे ८४ माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. एवढं परक्यांचं शहर आज कुठलं असेल? त्यात कोकणचा वाटा मोठा. जमिनी खोतांच्या, कसणाऱ्याच्या हातात उरायचं थोडं, आणि कुळाला दाद मागायला जागा नव्हती. खोती कायद्याने संपली ती १९४९ साली. आधी दासगावच्या बंदरातून बाणकोटमार्गे आणि नंतर एस.टी.ने आमची माणसं मुंबईला जात राहिली.

वडील गेले ते गावच्या मंडळाच्या खोलीत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, ट्रंका भिंतीला रचलेल्या, जेवण खानावळीत महिन्याच्या खात्यावर. सकाळी गिरणीच्या दारात बदलीला उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. ओळखीचा जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम, असेल तर लवकर नंबर लागायचा, म्हणून गावकीची ओळख ही नुसती आपुलकीची गोष्ट नव्हती, तिच्यावर पोट होतं. आणि एकदा का नाव मस्टरवर कायम लागलं, की त्याच्या मागोमाग प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयचा दवाखाना, रेशनकार्ड, युनियनची पावती, मतदारयादी अशी एकेक गोष्ट यायची. वडील शेवटपर्यंत मुंबईला ‘बाजार’ म्हणायचे, त्यांना समुद्राचं काही कौतुक नव्हतं, आणि शहरी मराठी बोलायला ते लाजत. पण रेशनच्या दुकानात, पोस्टात, युनियनच्या कचेरीत ते ताठ मानेने जायचे. माझ्या मते त्यांचं मुंबईत रुळणं म्हणजे एवढंच होतं. भाषा, सणवार, शेजार हे मागून आलं. आधी आलं मस्टर.

पण ते मस्टरही सगळ्यांना सारखं नव्हतं, आणि महाडची बाई म्हणून हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्याच गावातून, त्याच वाटेने महारवाड्यातली माणसंही मुंबईला गेली. गिरणीत गेल्यावर त्यांना साच्यांवर, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, घेत नसत. तिथे मजुरी जास्त. कारण काय, तर धाग्याची कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मग त्यांच्या वाट्याला सूतकताईचं खातं, कमी दामाचं. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाकडे न्याय मागताय, मग हा अन्याय तुमच्याच माणसांनी चालवलेला आहे त्याचं काय, असा तो सरळ सवाल होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ला, ते चवदार तळ्यावर उतरले होते. त्यांना महाडला आणण्यासाठी ज्यांनी खटपट केली त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचं गाव लाडवली, महाड तालुक्यातलंच. तेही पुढे मुंबईला गेले आणि कामगार चळवळीत आयुष्य घातलं. तळ्याचं पाणी आणि साच्यावरची मजुरी या दोन लढायांत तीच माणसं होती. मुंबईने आम्हाला सामावून घेतलं असं आम्ही अभिमानाने सांगतो तेव्हा ‘आम्ही’ कोण, हेही सांगावं.

बायकांचं आणखी वेगळं. सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावावर हेमलता दांडेकरांचं एक पुस्तक आहे, मिशिगन विद्यापीठाने १९८६ साली छापलेलं. १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांत मुंबईने त्या गावाचं काय केलं याचा तो अभ्यास. नावातच सगळं आहे, पुरुष मुंबईला आणि बायका घरी. सुगाव आमच्यापासून एक घाट चढून पलीकडे. माझ्या आईने ते पुस्तक पाहिलं असतं तर विचारलं असतं, यात नवीन काय? नांगरणी सोडून शेतीचं प्रत्येक काम तिच्या हातचं, पण सातबारावर नाव नाही, मनीऑर्डर यायची ती आजोबांच्या नावाने. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. बाहेरून आलेल्या कुणी तो आकडा वाचून मुलींचं कौतुक केलं होतं. अहो, पुरुष बोरिवलीत आहेत!

जनगणनेची गंमत अशी की तिच्या हिशेबाने देशात २०११ला ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित होते, आणि त्यात सर्वांत मोठा गठ्ठा लग्न होऊन नांदायला गेलेल्या बायकांचा. पोलादपूरहून बिरवाडीला आलेली मी त्यात धरलेली आहे. माझ्या आगमनाविरुद्ध कुठे मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

आता दुसरी बाजू. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, वडील ट्रंक घेऊन गावी आले ते आलेच. पुढे इकडे एमआयडीसीत रसायनांचे कारखाने वाढत गेले. वडिलांचं वय उलटलं होतं, पण गावातल्या तरुणांना नोकऱ्या लागल्या, जमिनी गेलेल्यांपैकी काहींना कायमस्वरूपी. मग ठेकेदार आले आणि ठेकेदारांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडची माणसं. आज पहिल्या पाळीच्या वेळी नांगलवाडी फाट्यावर उभं राहिलात तर मराठी कानावर पडायला थोडं थांबावं लागतं. पोती उचलणं, टाकी धुणं, भट्टीजवळचं काम, रात्रपाळी अशी जी कामं आमची पोरं टाळतात ती बहुतेक यांच्याकडे. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. मालक आम्हीच, गावकरी. एका खोलीत सहा-सात जण, पाळीपाळीने झोपणारे. माझ्या वडिलांच्या खोलीत आणि या खोलीत फरक काय तर इथे ट्रंकेच्या जागी पाठीवरच्या सॅका आहेत, आणि मागे मंडळ नाही, युनियन नाही.

एकदा चंपारणची एक मुलगी शाळेत आली, नऊ वर्षांची. दाखला नाही. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, म्हणून तिसरीत बसवली. वाचायला दोन महिन्यांत लागली, लिपी तीच. अडायची ती आकड्यांत. एकोणतीस म्हटलं की ही एकोणीस लिहायची, पंचेचाळीस ऐकून हिचा हात थबकायचा. मग मी तिला बाजाराच्या हिशेबाला बसवलं आणि दिवाळीपर्यंत ती आमच्या पोरांपेक्षा तोंडी हिशेबात पुढे गेली. त्यानंतर सरकारी दवाखान्यात आईचं दुखणं सांगायला हीच, दुकानदाराशी भांडायला हीच. एक दिवस तिच्या बापाने माझ्यापुढे एक चिठोरा ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, इसमें क्या कटा है?” ती पगाराची पावती म्हणे. हजेरीचे दिवस लिहिलेले, त्याखाली बूट, हेल्मेट, खोली, मेस यांची वजावट, आणि एक रकाना ‘ॲडव्हान्स’. गावाहून निघताना मुकादमाने दिलेली उचल. प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा कापलेला होता, पण खात्याचा नंबर कुठेच नव्हता. मूळ कंपनीचं नावसुद्धा त्या कागदावर नव्हतं, फक्त ठेकेदाराचा शिक्का. मुलीने वजाबाकी करून पाहिली. तीही जुळत नव्हती.

ओडिशात अशा उचल देऊन माणसं नेण्याला दादन म्हणतात. त्या दादन मजुरांचे हाल पुढे आल्यावरच १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. त्यात ठेकेदाराला परवाना हवा होता, मजुराला फोटोसह पासबुक हवं होतं, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं, विस्थापन भत्ता. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम असं होतं की परराज्यातून आणलेल्या मजुराने त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या कामगारासारखंच काम केलं तर त्याला मजुरी, सुट्ट्या, कामाचे तास सगळं त्याच्यासारखंच मिळालं पाहिजे. हा कायदा आता २०२०च्या कामगार संहितेत सामावून घेतला आहे. ते पासबुक मी आजवर एकाही खोलीत पाहिलेलं नाही.

ही समान मजुरीची अट पाळली गेली असती तर आमच्या गावच्या पोरांचा राग निम्मा उरला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. राग खोटा नाही. आयटीआय केलेला मुलगा गेटवर जातो, त्याला सांगतात जागा नाही, आणि त्याच्यादेखत ठेकेदाराची गाडी भरून आत जाते. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे सरकारी आदेश महाराष्ट्रात १९६८पासून आहेत, पंधरा वर्षांचा रहिवास असला की माणूस स्थानिक. आदेश आहेत, पण ठेकेदाराच्या माणसांना कंपनी आपली माणसं मानतच नाही, तेव्हा टक्केवारी कशाची काढायची? बाहेरचा माणूस स्वस्त पडतो, आठ तासांच्या जागी बारा तास राबतो, गणपतीला आणि शिमग्याला रजा मागत नाही आणि उचल फिटेपर्यंत सोडून जात नाही, म्हणून तो हवा असतो. तो बिहारचा आहे म्हणून नव्हे. दाम सारखा करा, मग बघू ठेकेदार इतक्या लांबून माणसं आणतो का.

या रागामागचं कारण शोधणारा एक अभ्यास मुंबईतल्या लोकांवर झाला आहे. कोलंबिया विद्यापीठातले निखर गायकवाड आणि कॅलिफोर्नियातले गॅरेथ नेलिस यांनी घरोघर जाऊन मुंबईकरांना विचारलं, अमुक प्रकारचा माणूस शहरात राहायला आला तर चालेल का? तो माणूस कल्पित, दर वेळी त्याचं कौशल्य, धर्म, भाषा बदललेली. २०१७ साली छापलेला निष्कर्ष असा की बहुसंख्याकांच्या मनात बाहेरून आलेल्याचा धर्म किंवा भाषा यापेक्षा ‘याच्यामुळे माझ्या पोटावर पाय येईल का’ हाच हिशेब मुख्य होता. अल्पसंख्याकांच्या मनात मात्र आपली माणसं वाढली तर आपण सुरक्षित राहू, असाही विचार होता. कोलंबिया म्हणजे आंबेडकर १९१३ला जिथे शिकायला गेले तेच विद्यापीठ. लहान शेतीच्या तुकड्यांवर फाजील माणसं अडकून पडलीत, त्यांना कारखान्यांत काम मिळालं पाहिजे, हे त्यांनी १९१८च्या निबंधात लिहून ठेवलं होतं. कामगाराला कामगाराशी झुंजवलं तर काय होतं हे त्यांनी दहा वर्षांनी गिरणीत पाहिलं.

आकड्यांचा भ्रम तर जगभर सारखा. हार्वर्डच्या तिघा अर्थतज्ज्ञांनी सहा देशांत पाहणी केली. अमेरिकेत कायदेशीर स्थलांतरित होते शंभरात दहा, आणि लोकांचा अंदाज होता छत्तीस. शिवाय नुसता स्थलांतरितांचा विषय आधी काढला तरी लोक गरिबांना मदत देण्याबाबत हात आखडते घेत, अगदी स्वतःच्या देशातल्या गरिबांनाही. हे वाचलं आणि मला आमच्या ग्रामसभेतली नळपाण्याची चर्चा आठवली. ‘भैय्ये पाणी पितात’ म्हणून टाकीचा ठरावच पुढे ढकलला गेला. तहानलेली राहिली ती आमचीच वरची आळी.

२०२०च्या टाळेबंदीत दोन्ही प्रवाह एकाच महामार्गावर दिसले. खोल्यांतली माणसं चालत उत्तरेला निघाली, आणि मुंबईहून आमची माणसं चालत, टेम्पोत दडून, दुधाच्या गाडीतून दक्षिणेला येत होती. त्यांच्यासाठी कित्येक वाड्यांनी वेशीवर बांबू आडवे घातले. शाळेच्या वर्गांत विलगीकरण, त्यांच्या चाव्या माझ्याकडे. ज्यांच्या पैशावर देवळाचा कळस चढला त्यांना गावकी चौदा दिवस वर्गात कोंडून ठेवत होती आणि पाणी लांबूनच ठेवून जात होती. एक म्हातारे चाकरमानी मला म्हणाले, “बाई, तिकडे आम्ही कोकणी आणि इकडे मुंबईवाले.”

शेवटचा अनुभव मतदारयादीचा, आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून यादी माझ्याकडे होती. कायदा सांगतो, माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचं नाव. प्रत्यक्षात आमच्या यादीत वीस-वीस वर्षं नालासोपाऱ्यात राहणारी माणसं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार त्यांना गाड्या भरून आणतात, जेवण घालतात, परत पोचवतात. नाव कमी करायला गेले की भांडण. आणि मागच्या खोल्यांत दहा-दहा वर्षं राहणारे, इथेच पोरं जन्मलेले, ते कुठल्याच यादीत नाहीत.

यादीत नसलेल्या माणसाला पुढारी दाद देतात का, हेही गायकवाड आणि नेलिस यांनी तपासलं. देशभरातल्या नगरसेवकांना नागरिकांच्या नावाने मदतीची पत्रं पाठवली, काहींत ‘मी या शहरात नवा आहे’ असं लिहिलेलं. नव्यांना उलट फोन येण्याचं प्रमाण जुन्या रहिवाशांपेक्षा बरंच कमी निघालं. कारण द्वेष असेल असं वाटतं, पण मुख्य कारण वेगळंच होतं, नवा माणूस इथला मतदार नसणार हा हिशेब. मग त्यांनी दिल्लीत आणि लखनौत स्थलांतरितांना घरी जाऊन फॉर्म भरायला मदत केली. एवढ्यानेच नोंदणी २४ टक्के-अंकांनी वाढली, २०१९च्या निवडणुकीत मतदानही वाढलं. ज्या वस्त्यांत ही मोहीम चालल्याची खबर उमेदवारांना दिली, तिथे ते तोंड फिरवून बसले नाहीत, जास्त फिरले. आणि गावाशी नाळ घट्ट असलेली माणसं शहरात नाव नोंदवायला नाखूश असतात, हा समजही टिकला नाही.

मी नमुना ६ चे फॉर्म घेऊन खोल्यांत गेले तेव्हा अडचण एकच, पत्त्याचा पुरावा. वीजबिल मालकाच्या नावाने, भाडेकरार नाही. सुरुवात घरापासून करावी म्हणून धाकट्या दिरांकडे गेले, त्यांच्या आठ खोल्या आहेत.

“वहिनी, करार दिला तर उद्या खोली माझी म्हणतील.”

“भाऊजी, माझ्या बाबांच्या मंडळाच्या खोलीचं काय झालं? आपणच पागडी घेतली ना?”

ते हसले, पण सही केली नाही. पुढे पोलिसांनी भाडेकरूंची नोंद सक्तीची म्हणून सांगितलं तेव्हा करार करावेच लागले, आणि त्या आधारावर पहिले फॉर्म गेले. केरळने बाहेरून आलेल्या मजुरांसाठी २०१७मध्ये आरोग्यविमा काढला, त्यांना मल्याळम लिहायला शिकवणारे वर्ग काढले. आमच्याकडे तेवढं कुणी मागत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा अर्जांचा एक गठ्ठा तहसील कचेरीत चौकशीसाठी पडून होता. माझ्या जागी आलेल्या बाई परवा सांगत होत्या, त्यातले काही मंजूर झाले, काही ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असा शेरा मारून परत आले. चौकशीला माणूस गेला होता सकाळी अकराला. पहिल्या पाळीचे कारखान्यात होते आणि रात्रपाळीचे आतून कडी लावून झोपलेले. आता त्या बाई रविवारी संध्याकाळी जाणार आहेत. मीही त्यांच्याबरोबर जाईन म्हणते.